फूल, पूल आणि चेंगराचेंगरी

रायपूरच्या शंकर नगर ह्या वस्तीच्या कडेने एके काळी धमतरीची छोटी गाडी जात असे. तो अरुंद लोहमार्ग आता उरला नाही. शहरातल्या त्याच्या जागेवरून आज एक्सप्रेसवे धावतो. मोठा लोहमार्ग मात्र कायम आहे. हावड्याहून निघून बिलासपूर, रायपूर, नागपूर असे टप्पे घेत मुंबईस जाणारा हा मार्ग रायपुरातील मराठी कुटुंबांचा जुना आधार होय. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, पण त्या अमलात ह्या प्रदेशाशी जडलेले मराठी भाषेचे नाते पुढेही टिकून राहिले. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक असून हिंदीचे लेखक झाले आणि त्यांनी ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. असे दुहेरी भाषिक जीवन रायपुरातील मराठी घरांत आजही चालू आहे, आणि त्याचा प्रत्यय कधी कधी फार दुःखद निमित्ताने येतो. एखाद्या रेल्वेस्थानकावर माणसे गर्दीत मेल्याची वार्ता आली की शहरातील हिंदी दैनिकात त्या घटनेस ‘भगदड’ म्हटलेले असते; तीच वार्ता नागपूरच्या वा मुंबईच्या नातलगाकडून फोनवर कळते तेव्हा शब्द असतो ‘चेंगराचेंगरी’. घटना एकच, मृतांची संख्याही एकच. पण दोन शब्दांनी दोन निरनिराळ्या घटना डोळ्यांपुढे उभ्या राहतात.

‘भगदड’ ह्या शब्दाच्या मुळाशी भागणे, म्हणजे पळणे आहे. गुजराती ‘नासभाग’ त्याच जातीचा. इंग्रजी ‘स्टँपीड’ हा शब्द तर अमेरिकेतील गुरांच्या बुजून उधळण्यावरून आलेला आहे. ह्या शब्दांत माणूस पळतो आहे आणि पळताना इतरांना तुडवतो आहे. दुसऱ्या गटातील भाषा पायाकडे पाहतात : बंगाली ‘पदपिष्ट’, कन्नड ‘काल्तुळित’, तेलुगू ‘तोक्किसलाट’ ह्या तिन्हींत तुडवण्याचा भाव प्रधान आहे. मराठी व तमिळ ह्यांनी मात्र वेगळीच वाट धरली. तमिळमधील ‘नेरिसल’ आणि मराठीतील ‘चेंगराचेंगरी’ हे दोन्ही शब्द दाबल्या जाण्याचे, पिळवटल्या जाण्याचे आहेत. त्यांत पळणे नाही आणि पायही नाहीत. एकमेकांशी नाते नसलेल्या ह्या दोन भाषांनी एकच गोष्ट कशी हेरली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होईल. येथे एवढेच नोंदवायचे की शरीरशास्त्राचा कौल ह्या दोन भाषांच्या बाजूने पडतो.

गर्दीत माणूस मरतो तो बहुतेक वेळा तुडवला गेल्यामुळे मरत नाही. त्याला श्वास घेता येत नाही म्हणून मरतो. श्वास आत घेण्यासाठी छातीचा पिंजरा फुगावा लागतो आणि त्यासाठी समोर दोन-चार बोटे तरी मोकळी जागा असावी लागते. चौरस मीटरमागे चार माणसे असेपर्यंत प्रत्येकाला स्वतःचे पाऊल स्वतः टाकता येते. ही संख्या सहा-सातांवर गेली की गर्दीतील माणूस स्वतंत्र राहत नाही. सगळा जमाव एखाद्या द्रवासारखा वागू लागतो. मागे कोणी किंचित रेटा दिला की त्याची लाट पुढे सरकत जाते आणि शेवटच्या माणसापाशी ती अशा जोराने पोचते की लोखंडी कठडेही वाकतात. पादचाऱ्यांच्या हालचालीचा शास्त्रीय अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन ह्यांनी १९७१ मधील आपल्या ग्रंथातून व पुढील लेखनातून ही गोष्ट विशद केली. अशा अपघातांत मृत पुष्कळदा उभ्यानेच गुदमरलेले आढळतात. पळायला जागा असती तर त्यांतले कित्येक वाचले असते. म्हणजे ‘भगदड’ हा शब्द जे घडले म्हणून सांगतो, नेमके तेच घडणे तेथे अशक्य झालेले असते.

२९ सप्टेंबर २०१७ हा दिवस खंडेनवमीचा होता. दुसऱ्या दिवशी दसरा. मुंबईत सकाळी पाऊस कोसळत होता. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ ही दोन स्थानके जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर आणि त्याच्या जिन्यावर, साडेदहाच्या सुमारास, गाड्यांतून उतरलेले लोक पाऊस थांबण्याची वाट पाहत उभे होते. वरून उतरणाऱ्यांची व खालून चढणाऱ्यांची भर पडतच होती. तेवीस माणसे मेली, तीसहून अधिक जखमी झाली. ह्या भागाचा इतिहास ठाऊक असलेल्यास ती गर्दी आकस्मिक वाटणार नाही. एके काळी येथे गिरण्या होत्या आणि कामगार चाळींतून चालतच कामावर जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या, आणि तेथे काम करणारा वर्ग लांबच्या उपनगरांतून लोकलने येऊ लागला. वस्ती बदलली, कामाची जात बदलली. पूल तेवढा तोच राहिला. तो रुंद करावा किंवा दुसरा बांधावा अशी मागणी लोकप्रतिनिधींनी दुर्घटनेपूर्वीच लेखी केलेली होती.

ह्या दुर्घटनेसंबंधी एक हकीकत तेव्हा सर्वतोमुखी झाली. बचावलेल्या एका तरुण प्रवाशाने सांगितले की जिन्यावर एका फुलविक्याचे ओझे खाली पडले, कोणी तरी ‘फूल गिर गया’ असे ओरडले, आणि लोकांनी ऐकले ते ‘पुल गिर गया’. दसऱ्याचा आदला दिवस आणि पुढचेच स्थानक दादर, जेथे शहराचा मोठा फुलबाजार भरतो. तेव्हा जिन्यावर झेंडूची ओझी असण्यात नवल काहीच नव्हते. भाषेच्या अभ्यासकास ही हकीकत थांबायला लावते. ‘फ’ आणि ‘प’ ह्यांतील भेद केवळ श्वासाच्या फुंकरीचा आहे. ही फुंकर उच्च कंपनसंख्येची आणि अल्प शक्तीची असते. पत्र्यावर पडणारा पाऊस व शेकडो माणसांचा कोलाहल ह्यांच्या आवाजात सर्वांत आधी बुडते ती तीच. उरते ते ‘ऊल गिर गया’. हिंदीत ‘पुल’ ऱ्हस्व आणि ‘फूल’ दीर्घ असला तरी किंकाळीत ऱ्हस्वदीर्घाचा निवाडा कोण करणार? शिवाय मराठी कानाला ‘पूल’ दीर्घच ऐकण्याची सवय आहे. फारसीतून आलेला एक शब्द आणि संस्कृत ‘फुल्ल’पासून आलेला दुसरा, असे हे दोघे अपरिचित त्या जिन्यावर एकमेकांच्या जागी उभे राहिले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे. हिंदीत ‘फूल’ आणि ‘पुल’ दोन्ही पुल्लिंगी, म्हणून दोहोंचे क्रियापद ‘गिर गया’ असेच राहते. मराठीत ‘पूल’ पुल्लिंगी आणि ‘फूल’ नपुंसकलिंगी. हीच आरोळी मराठीत उठली असती तर एक ‘फुलं पडली’ अशी आणि दुसरी ‘पूल पडला’ अशी झाली असती. आरंभीचे व्यंजन पावसात बुडाले तरी शेवटच्या स्वराने अर्थ सांभाळला असता. मराठीचे तिसरे लिंग हे परभाषकांना नेहमी अडचणीचे वाटते, आणि व्याकरणाच्या पुस्तकांतूनही त्याचे समर्थन करताना पंडितांची तारांबळ उडते. त्या लिंगभेदाचा असा उपयोग कोणाच्या स्वप्नातही आला नसेल. अर्थात, मुंबईच्या जिन्यावर आरोळी हिंदीतच उठणार, कारण अनोळखी माणसांशी बोलायची त्या शहराची भाषा तीच आहे.

परंतु कान रिकामा नसतो. तो काय ऐकतो हे मनात आधीच काय दबा धरून बसले आहे ह्यावरही अवलंबून असते. त्याच्या आदल्या वर्षी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. महाराष्ट्रातील माणसाला ‘पूल पडला’ हे वाक्य असंभाव्य वाटावे अशी परिस्थिती राहिलेली नव्हती. पुढील काळाने तर ह्या भयाला वारंवार पुरावाच पुरवला. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीत गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेल्या पादचारी पुलाचा भाग रस्त्यावर पडून माणसे मेली; हा पूल तपासणीत किरकोळ दुरुस्तीने वापरण्याजोगा ठरलेला होता. एल्फिन्स्टनच्या जिन्यावर जे चुकीचे ऐकले गेले ते दीड वर्षाच्या आत शहरात दोनदा खरे झाले. तेव्हा त्या दिवशी घाबरलेल्यांना भोळसट म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

तथापि ही हकीकत जितकी सुबक आहे तितकीच ती सावधपणे हाताळली पाहिजे. ती एका साक्षीदाराची आहे. शॉर्टसर्किट झाल्याची आवई उठली होती असेही त्या दिवशी सांगितले गेले. रेल्वेच्या चौकशीत भर पडला तो पावसाने साचलेल्या गर्दीवर आणि अवजड ओझ्यांवर. आणि मुख्य म्हणजे, जिन्यावर चौरस मीटरमागे सात माणसे उभी असतील तर मरण येण्यासाठी आरोळीची गरज नसते. एकाचा पाय घसरणे पुरेसे होते. फूल-पुलाची गोष्ट लोकांच्या तोंडी बसली ती ती गोष्ट म्हणून चांगली आहे म्हणून. तिच्यात यमक आहे, दैवदुर्विलास आहे, आणि थोडासा दिलासाही आहे, कारण ती मानली तर दोष कोणा यंत्रणेचा उरत नाही. एका व्यंजनाचा उरतो. वाङ्मयाचे अभ्यासक अशा गोष्टींवर लुब्ध होतात, म्हणून हे सांगणे त्यांच्यासाठीच अधिक अगत्याचे आहे.

ह्या दिलाशाची परंपरा जुनी आहे. लंडनमधील बेथनल ग्रीन हे भुयारी रेल्वेचे स्थानक महायुद्धात हवाई हल्ल्यापासूनचे आश्रयस्थान म्हणून वापरले जात असे. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा झाला, जवळच्या बागेतून नव्या प्रकारच्या विमानवेधी अग्निबाणांचा अपरिचित आवाज आला, आणि आत शिरणारे लोक अंधाऱ्या, ओल्या जिन्यावर एकमेकांवर पडले. १७३ जण गुदमरून मेले. त्यांत बासष्ट मुले होती. त्या ठिकाणी एकही बाँब पडला नव्हता. सरकारी चौकशीने लोकांच्या सुटलेल्या धीरावर बोट ठेवले आणि अहवाल युद्ध संपत येईपर्यंत दडवून ठेवला. जिन्याला मधला कठडा नव्हता, दिवा एकच व मंद होता, आणि प्रवेशद्वार सुरक्षित करण्यास स्थानिक नगरसंस्थेने आधी परवानगी मागितली असता ती नाकारली गेली होती, ह्या गोष्टी मागाहून उजेडात आल्या. न्यायालयाने मात्र एका विधवेच्या दाव्यात गोंधळाची सबब फेटाळून जिन्याच्या सदोष व्यवस्थेवर ठपका ठेवला.

आपल्याकडील अलीकडचे उदाहरण नवी दिल्लीचे. १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, प्रयागराजच्या महाकुंभाकडे जाणाऱ्या गर्दीत, त्या स्थानकाच्या जिन्यावर अठरा माणसे मेली. ‘प्रयागराज एक्सप्रेस’ आणि ‘प्रयागराज स्पेशल’ ह्या नामसादृश्याने प्रवासी गोंधळले असे पोलिसांकडून प्रथम सांगण्यात आले. पुढे संसदेत आलेल्या उत्तरात कारण दिले गेले ते एका प्रवाशाच्या डोक्यावरचे मोठे ओझे जिन्यावर पडल्याचे. सुमारे साडेसात वर्षांनी, दुसऱ्या शहरात, तीच दोन निमित्ते पुन्हा आली: सारखे ऐकू येणारे शब्द आणि जिन्यावर पडलेले ओझे. निमित्त आणि कारण ह्यांतील भेद भारतीय तर्कशास्त्राला नवीन नाही. चौकशीच्या अहवालांना तो अजून नवीन दिसतो.

फ्रुइन ह्यांच्या विवेचनातील एक मुद्दा येथे विशेष उपयोगाचा आहे. गर्दीच्या पुढच्या टोकाला काय चालले आहे हे मागच्या टोकाला कळत नाही. पुढे माणसे गुदमरत असतात आणि मागचा माणूस, गाडी चुकेल ह्या साध्या काळजीने, एक पाऊल पुढे टाकत असतो. त्याच्या मनात क्रौर्य नसते, भीतीही नसते, माहिती नसते. म्हणून उपाय पुढे नसून मागे असतो. प्रवेश थांबवणे, पाठोपाठ येणारी गाडी स्थानकाबाहेर रोखून धरणे, चढणाऱ्यांचा व उतरणाऱ्यांचा जिना वेगळा करणे, फलाट ऐन वेळी न बदलणे, आणि उद्घोषणा अशा शब्दांत करणे की निम्मे शब्द आवाजात बुडाले तरी उरलेल्या निम्म्यांतून अर्थ लागावा, ही सर्व स्थानकाच्या व्यवस्थेची कामे होत. दोन गाड्यांच्या नावांतील वेगळा शब्द अखेरीस एकदाच उच्चारण्याऐवजी आरंभी आणि पुन्हा शेवटी उच्चारला तर किती गोंधळ टळेल, हे कोणत्याही कीर्तनकाराला न शिकवता कळते.

प्रवाशाच्या हाती त्या मानाने थोडे असते, पण जे असते ते निरुपयोगी नाही. जिन्याच्या पायथ्याशी थांबू नये. फलाटाच्या लांबीत, रुळांपासून दोन पावले मागे, भिंतीच्या वा खांबाच्या आडोशाने थांबावे आणि गाडीतून उतरलेला पहिला लोंढा जाऊ द्यावा. ह्यात पाच मिनिटे जातात. गर्दीत खांदे चारी बाजूंनी भिडू लागले की ती निघून जाण्याची वेळ होय. हात वर करता येईनासे झाल्यावर निघणे पुष्कळदा साधत नाही. तशी वेळ आलीच तर दोन्ही हात छातीपुढे मुष्टियोद्ध्याप्रमाणे धरावेत, म्हणजे बरगड्यांना फुगायला तेवढी जागा राहते. लाटेविरुद्ध जोर लावू नये. तिच्याबरोबर जावे आणि ती ओसरली की तिरपे सरकत कडेला निघावे, मात्र भिंतीशी दाबले जाणार नाही हे पाहावे. पडलेली चप्पल, पिशवी, फोन ह्यांसाठी वाकू नये. लहान मूल कडेवर उंच घ्यावे. आणि ओरडायचे झाले तर काय पडले ते ओरडू नये, काय करायचे ते ओरडावे: ‘मागे सरा’, ‘थांबा’. नामाने भय पसरते, आज्ञार्थाने निदान एक दिशा तरी मिळते.

दुर्घटनेनंतरचे भय मात्र जिन्यावर थांबत नाही. ते शहरात फिरू लागते आणि बसायला जागा शोधते. एल्फिन्स्टननंतर ते प्रथम लोखंडावर बसले: पादचारी पुलांच्या तपासण्या झाल्या, लष्कराला पाचारण करण्यात आले आणि त्याने बांधलेला नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. मग ते फेरीवाल्यांवर बसले. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ५ ऑक्टोबर २०१७ रोजी चर्चगेटवर मोर्चा नेला, स्थानकांजवळच्या फेरीवाल्यांना हटवण्यासाठी मुदत दिली, आणि ती सरल्यावर अनेक ठिकाणी त्यांच्या गाड्या उलथवल्या गेल्या. स्थानकापासून १५० मीटरांत फेरीवाले नकोत असा उच्च न्यायालयाचा निर्णयही लवकरच आला. वाट मोकळी असावी ह्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण गर्दी जेथे दाटली ती जागा पुलावरची होती, आणि पुलाची रुंदी फेरीवाल्यांनी ठरवलेली नव्हती. ज्याच्या डोक्यावरून फुले पडली तो विक्रेता त्या जिन्यावर इतरांइतकाच दाबला जात होता, आणि त्याची भाषा बहुधा तीच होती जिच्यातली आरोळी चुकीची ऐकली गेली.

येथे पुन्हा ‘चेंगराचेंगरी’ ह्या शब्दाकडे यावे लागते. शरीराला काय झाले हे तो नेमके सांगतो. परंतु कोणी केले हे सांगताना त्याचे रूप दिशाभूल करते. मराठीत धातूची द्विरुक्ती होऊन पहिल्या अंगास ‘आ’ आणि दुसऱ्यास ‘ई’ लागली की परस्परक्रियेचा अर्थ येतो: मारामारी, ढकलाढकली, रेटारेटी. पळापळीत प्रत्येक जण आपापला पळतो. मारामारीत मात्र प्रत्येक जण मारतोही आणि मारही खातो. त्याच न्यायाने चेंगराचेंगरीत प्रत्येक मृत हा चेंगरणाराही ठरतो. ज्याने पूल अरुंद ठेवला त्यास ह्या शब्दात कोणतीच विभक्ती मिळत नाही.

हा केवळ व्याकरणाचा काथ्याकूट नव्हे, हे रायपूरहून मुंबईस जाणाऱ्यास वाटेतच, नागपुरात, कळू शकते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथे विधिमंडळाच्या अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. पोलिसांच्या लाठीमारानंतर उसळलेल्या गर्दीत ११४ माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. त्या घटनेस ‘चेंगराचेंगरी’ म्हणावे की ‘हत्याकांड’, हा वाद विदर्भात अजून मिटलेला नाही, आणि त्यातील प्रत्येक पक्ष आपला शब्द का सोडत नाही हे वरील व्याकरण पाहिले म्हणजे समजते. समाजाने स्वतः तिसराच शब्द निवडला. सीताबर्डीवरील स्मारकाला ‘गोवारी शहीद स्मारक’ म्हणतात, आणि जवळच्या उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचेच नाव आहे. ‘शहीद’ म्हटले की मारणारा कोणी तरी आहे हे आपोआप गृहीत धरले जाते.

एल्फिन्स्टन रोडचेही नाव बदलले. मुंबईचा एकोणिसाव्या शतकातील एक गव्हर्नर जाऊन त्या जागी १९ जुलै २०१८ पासून परिसराच्या देवतेचे, प्रभादेवीचे नाव आले. ही मागणी दुर्घटनेच्या पुष्कळ आधीची होती आणि तिचा त्या तेवीस जणांशी काही संबंध नाही. रायपूरहून जाणाऱ्या प्रवाशाला दादरला उतरून चर्चगेटकडे जायचे झाल्यास उद्घोषणेत पहिले नाव ऐकू येते ते हेच, तीन भाषांत, आणि तीन्हींत सारखेच.